घरकुलाच्या नकाशात सपरी काऊन नाही?

आरमोरीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांपासून डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो, लांब होईल, वेळ काढून वाचा.

मी डिझाईनचं शिकलो शहरात पण काम इकडंच करतो, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी-वडसा पट्ट्यात. घरांचे नकाशे, दुकानाच्या पाट्या, आणि सिझनमध्ये नाटक कंपन्यांची पोस्टरं. या सगळ्या कामात मला एकच गोष्ट सारखी दिसून राहिली की आपण सावली बांधणं सोडून दिलं. भिंती बांधतो, स्लॅब टाकतो, टाइल्स बसवतो, पण सावली बांधत नाही, म्हणजे सपरी, घराला लागून खांबांवर टाकलेलं उघडं छप्पर. तेही कुठं, तर जिथं मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो आणि ब्रह्मपुरी-चंद्रपूरचं नाव उन्हाळ्याच्या बातम्यात असतेच.

घरकुलाचंच घ्या. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, त्याच्या आधी इंदिरा आवास. आताच्या योजनेत घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं पायजे, सैपाकाची जागा धरून, म्हणजे २६९ चौरस फूट. सपाट भागात १ लाख २० हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, संडासाचे १२ हजार वेगळे. आता यात कुठंच असं लिहिलेलं नाही की घर अमुकच नकाशाचं पायजे. ठेकेदार लावायचा नाही, ज्याचं घर त्यानंच बांधायचं अशी ही योजना आहे. पण गावात होते काय, पहिल्या घरकुलाचा जो नकाशा निघतो तोच सगळ्या वस्तीत फिरतो. एकामागं एक दोन खोल्या, समोर एक दार, एक खिडकी, वर स्लॅब आणि दीड-दोन फुटाचा छज्जा, मग ते घर पूर्वेकडं तोंड करून असो की पश्चिमेकडं, कोणाला फरक पडत नाही. दुपारभर पश्चिमेची भिंत तापते, स्लॅब तापतो, आणि रात्री तीच गरमी आत सोडत राहतो, पंखा लावला तर गरम हवाच अंगावर येते.

मग उन्हाळा आला की घरासमोर बल्ल्या रोवतात, वरून हिरवी नेट नाहीतर टिना टाकतात. म्हणजे सपरी बांधतातच! फक्त सगळ्यात शेवटी बांधतात, उरलेल्या पैशात, पहिल्या वावटळीत उडून जाईल अशी. माझं म्हणणं इतकंच आहे की ती सपरी पहिले नकाशात टाका आणि खोल्या मग काढा. आपल्याकडं माणूस खोलीत राहतच नाही हो. जेवण सपरीत, पाहुणा सपरीत, धान निवडणं सपरीत, मोहफुलाचं टोपलं सपरीत, तेंदूपत्त्याचे पुडके बांधणं सपरीत, पोरांचा अभ्यास सपरीत, म्हाताऱ्याची खाट सपरीत. खोलीत पेटी, कपडे आणि थंडीपावसातली झोप.

ज्यांना वाटते हे गरिबीचं बोलणं आहे त्यांनी वर्ध्याला सेवाग्रामात जाऊन यावं. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. आजूबाजूची माती, बांबू, लाकूड, कवेलू (कौलं) आणि गावातलेच कारागीर, यांच्यावर ती घरं उभी राहिली. भर मे महिन्यात बापूकुटीच्या पडवीत टेकून बसा आणि मग तिथून उठून बाहेर एखाद्या स्लॅबच्या खोलीत जा, मला पुढं काही सांगावं लागणार नाही. लॉरी बेकर नावाचा इंग्रज आर्किटेक्ट (१९१७ ते २००७) ज्यानं केरळात कितीतरी वर्षं काढली, तो सांगायचा की मला हे गांधीजींकडून मिळालं, घराचं सामान पाच मैलाच्या आतलं पायजे म्हणून. त्यानं तिरुवनंतपुरमला कोळ्यांसाठी घरं बांधली, कॉलेजं बांधली, आणि विटेच्या भिंतीत जाळ्या सोडून हवा आत आणली. म्हणजे सेवाग्रामचा विचार केरळात जाऊन मोठा झाला आणि आपण विदर्भातच राहून तापलेल्या खोल्यात झोपून राहिलो.

दुसरी गोष्ट गावाच्या फाट्यावरचा प्रवासी निवारा. आमच्या भागातला एक सांगतो, नाव नाही घेत. तोंड पश्चिमेला, वर पत्रा, बाकडं स्टीलचं. मार्च ते जून त्या बाकड्यावर कोणी बसूच शकत नाही. सगळे लोक बाजूच्या कडूनिंबाखाली उभे असतात आणि निवाऱ्यात कुत्री झोपलेली. पण कोणाच्या निधीतून झाला ते नाव मात्र चार फुटाच्या अक्षरात, आणि गावाचं नाव खाली कोपऱ्यात. परका माणूस गाडीतून उतरला तर त्याला गाव कोणतं ते कळत नाही, पुढारी कोणता ते कळते.

चांगलं सार्वजनिक डिझाईन आपल्याकडं झालंच नाही असं नाही. हापसी पाहा. इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूरकडं जे पंप सुधारले गेले त्यांच्यावरून १९७० च्या दशकात ती तयार झाली, युनिसेफच्या मदतीनं, आणि जगात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या हातपंपांत तिचं नाव आहे. दांड्याच्या टोकाला आत साखळी आहे, म्हणून खालचा गज सरळ वर-खाली होतो, वाकडा ताण पडत नाही, लवकर तुटत नाही. दिवसभर अख्खं गाव दांडा मारते, पोरं लटकतात, तरी चालते. ज्यानं बनवली त्यानं वापरणाऱ्याचा विचार केला होता.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, आपलं झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक. त्यावर खाली लिहितो, हात दुखले. तुमचं काय म्हणणं?

मिस्तरी दारव्हा

भाऊ लिवलं चांगलं. मी स्वता घरकुलं बांधतो म्हणून बोलतो, राग नको मानू. लोकं स्लॅब काऊन मांगतात हे पहिले समजून घे. एक तं वांदरं. आमच्याइकडं वांदराईचा कळप कवेलूवर नाचला का एका दिवसात घर उघडं. दुसरं म्हंजे पावसाळ्याच्या आंधी दरसाल कवेलू फेरा लागते, ते काम करणारा माणूस आता गावात भेटत नाही, कवेलू करणारे कुंभारबी भट्टी सोडून गेले. आमच्याइकडं पहिले धाब्याचे घरं होते, वरतं माती, आतमंधी थंडगार, पन चार दिवसाची झड लागली का गळे, बाई रातभर गंज-बगुने मांडत फिरे. ज्यानं ते भोगलं तो स्लॅबच मांगन ना बावा. स्लॅबवर मिरच्या वाळते, सोयाबीन वाळते, उन्हाळ्यात रातच्यानं वरतं झोपता येते.

दुसरं पैशाचं. १ लाख २० हजारात रेतीच किती खाते ते इचार. सपरी काढतो म्हनलं तं लोखंड, सिमेंट, रेती सगळं वाढते. तू म्हंतं ते पटते पन पैसा कुठून आनाव?

आरमोरीकर

मिस्तरीभाऊ, राग कायचा, हेच तर पायजे होतं.

कवेलूकडं परत जा असं मी म्हणतच नाही. वांदरं आणि झड ही खरी कारणं आहेत आणि स्लॅब मागणारा माणूस मूर्ख नाही. मी म्हणतो स्लॅब टाका, पण अक्कल लावून टाका. स्लॅबमध्ये वरचं काँक्रीट दाब सहन करते आणि खालचं लोखंड ताण घेते, खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट नुसतं वजन वाढवत बसते. तिथं लोखंडाच्या चौकटीत जुने कवेलू ठेवून वरून काँक्रीट ओतलं की झाला फिलर स्लॅब. काँक्रीट कमी लागते, वजन कमी, आणि कवेलूतली हवा गरमी थोडी अडवते. हे बेकरनं केरळात भरपूर केलं. घर पाडल्यावर जे कवेलू उकिरड्यावर जातात ते इथं वापरता येतात. फक्त गजांमधलं अंतर कवेलूच्या मापानं धरावं लागते, आणि गजांचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्यायचा, अंदाजानं नाही.

भिंतीचंही तसंच. रॅट ट्रॅप बॉन्ड म्हणतात त्याला, वीट आडवी न ठेवता उभ्या कडेवर लावायची, भिंत ९ इंचाचीच राहते पण मधात पोकळी. जवळपास चौथा हिस्सा विटा वाचतात, सिमेंट-रेतीचा माल त्याहून जास्त वाचतो, आणि मधातली हवा गरमी थोडी अडवते. वाचलेल्या विटांत सपरीचे खांब निघतात. पैसा कुठून आणायचा ते तुम्ही विचारलं ना, तो भिंतीच्या आतच आहे.

मिस्तरी दारव्हा

रॅट ट्रॅप मले मालूम हाय. एका साहेबानं सांगतलं होतं. पन गावठी भट्टीची वीट एक लहान एक मोठी, कडेवर उभी केली का वरचा थर डुलते. अन् माह्या हाताखालच्या पोट्ट्याईले ते जमत नाही, त्याईले रोज पडला पायजे.

आरमोरीकर

गावठी विटेत नाही जमत, अगदी बरोबर. पण आपल्याकडं राखेच्या विटा आहेत ना. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, एवढी औष्णिक केंद्रं विदर्भात, राखेचे डोंगर उभे आहेत. फ्लाय अॅश वीट साच्यातली असल्यामुळं सगळ्या एका मापाच्या, त्यात रॅट ट्रॅप सरळ बसते. पाच मैलाच्या आतलं सामान म्हणजे दर वेळी माती-बांबूच असं थोडंच आहे, ज्या भागात जे पडलेलं आहे ते. आपल्या भागात कोळसा जाळून देशाला वीज दिली, राख आपल्या नशिबी आली, तर निदान घर तरी तिचं बांधू.

अकोटचा पोट्टा

दादा मी सरळ बोलतो. तुम्ही डिझाईनवाले लोक गावातल्या माणसाले नेहमी मातीचं, साधं, पारंपरिक असंच काहीतरी सांगता, आणि शहरातला माणूस बिनधास्त काचेच्या बिल्डिंगमध्ये राहतो त्याले कोणी नाही सांगत. आम्ही युट्यूबवर ३० बाय ४० चे प्लॅन पाहतो, इलेव्हेशन म्हणजे घर समोरून कसं दिसते ते पाहतो, माह्या काकानं समोरच्या भिंतीले जांभळ्या टाइल्स, स्टीलची रेलिंग आणि पीओपी केलं, अख्खं गाव पाहायले आलं. आजोबाले लोक शेणामातीच्या घरातला म्हणून ओळखत होते. ते घर बांधल्यावर काकाच्या पोरीच्या लग्नाची बोलणी लवकर जमली हे मी डोळ्यानं पाह्यलं. याले तुम्ही काय म्हणसान?

आरमोरीकर

भाऊ, काकाच्या घराबद्दल मला आदरच आहे, हे मनापासून लिहितो. जांभळी टाइल म्हणजे काकानं गावाला सांगितलं की आता आम्ही कोणाच्या खाली नाही. ज्यांच्या घराला पिढ्यान् पिढ्या गावाच्या कडेला ठेवलं, ज्यांना चांगलं घर बांधायचीच मुभा नव्हती, त्यांनी रंग लावला तर त्याला भडक म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. मी तर पोस्टरवाला माणूस, गुलाबी आणि हिरवा रंग एकत्र लावल्याशिवाय माझं पोट भरत नाही आणि मला तो रंग आवडतोही.

माझी तक्रार रंगाशी नाही, त्या इलेव्हेशनच्या मागं जे होते त्याच्याशी आहे. असे हॉल टीव्हीच्या मालिकेतून येतात, आणि मालिकेतलं घर स्टुडिओत असते, तिथं एसी चालू असते, त्या घराला मे महिना माहीतच नाही. तो हॉल आपण उचलून आणतो आणि आपल्या सपरीच्या जागेवर ठेवतो. सोफा येतो, दार बंद होते, आणि शेजारची म्हातारी जी येता-जाता टेकत होती ती यायची बंद होते, कारण हॉलमध्ये चप्पल काढून विचारून जावं लागते. काकाच्या जांभळ्या टाइल्स सपरीच्या खांबाला लावा ना! आणखी दुरून दिसतील. रेलिंगही तिथंच.

आता नाटकाचं. वडशाला एवढ्या कंपन्या, दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव पेंडाल, शंकरपट असला की रात्री नाटक ठरलेलंच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना झाडीपट्टी कळली, आपल्याला ती आधीपासून घरची. मी त्या पेंडालकडं डिझायनर म्हणून पाहतो. एका रात्रीसाठी कापडाचं थिएटर उभं होते, वरून टांगलेले माईक म्हणून नट कुठंही उभा राहिला तरी मागच्या माणसाला ऐकू येते, ऑर्गन-ऑक्टोपॅडवाले बाजूला, आणि हजारो माणसं उजाडेपर्यंत बसतात, त्यात म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या सगळ्या. पोस्टरवर गाव कोणतं, तारीख कोणती, तिकीट किती, हे सायकलवरून जाता जाता वाचता येते, नाहीतर कंपनीवाला माझ्या हातात पोस्टर परत देतो.

हे एवढं नीट काऊन होते? कारण नाटक आवडलं नाही तर मंडळ पुढच्या वर्षी दुसरी कंपनी बोलावते. दुसऱ्याच दिवशी पानठेल्यावर निकाल लागतो. आणि फाट्यावरच्या निवाऱ्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईला कोणी विचारतच नाही, तिच्या म्हणण्यावर ठेकेदाराचं बिल अडत नाही. माझ्या मते फरक एवढाच आहे. लोकांना डिझाईन कळत नाही हे साफ खोटं आहे, जिथं लोकांच्या हातात तिकीट आहे तिथं काम चांगलंच होते.

कुंदा सेलूकर

वाचून राहिली होती सकाळपासून, आता लिहिते. आरमोरीकर भाऊ, तुम्ही सपरीचं फार गोड लिहिलं पण ती समोरची सपरी पुरुषांची असते हे लिहायचं राहिलं. सासरे बसले असले की सून तिथं टेकत नाही, डोक्यावर पदर घेऊन आत जाते. बाईचा दिवस मागं जातो. चूल मागं, पाणी मागं, भांडी मागं, सरपण मागं, सांदवाडीतला भाजीपाला मागं. आणि घरकुलाच्या नकाशात मागं काहीच नसते, संडासाचं दार आणि कुंपण, बस.

गॅस आला तरी चूल गेली नाही, सिलिंडर परवडत नाही म्हणून भाकर आणि पाण्याचं गंज चुलीवरच. घरकुलात चुलीला जागा नाही, धूर जायला जागा नाही, म्हणून बाई उघड्यावर तीन दगड मांडते, ऊनपाऊस अंगावर. न्हाणी तर कितीतरी घरात साड्या बांधूनच. तुम्हाला एकच सपरी परवडत असेल तर मी म्हणीन ती मागं बांधा. समोर कडूनिंब लावा, पुरुषांना तेवढं पुरते.

आरमोरीकर

कुंदाताई, हे तुम्ही लिहिलं म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. मागची सपरी पहिली, मला मान्य आहे. आणि त्यात फायदाही आहे, चूल, न्हाणी आणि पाण्याची टाकी एका रांगेत आली की पाइप कमी लागते, सांडपाणी सरळ वाडीतल्या केळीला जाते.

निवृत्त ग्रामसेवक, अमरावती

चर्चा चांगली चालू आहे. थोडं कामाचं सांगतो. हप्ते टप्प्यानं पडतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवरूनच जिओटॅग होऊन चढतो. म्हणून सपरी नंतर करू म्हणाल तर ती होत नाही, पायवा खोदतानाच तिचे खांब धरायचे. आणखी एक, केंद्राच्या मंत्रालयानं आयआयटी दिल्ली आणि यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला घेऊन 'पहल' नावाचं नकाशांचं पुस्तक काढलं आहे, वेगवेगळ्या राज्यांच्या हवामानाप्रमाणं घरं कशी असावी त्याचं. मी नोकरीत असताना किती लाभार्थ्यांनी ते पाहिलं असेल? कोणी दाखवलं तर पाहतील. ग्रामसभेत त्याची चार पानं भिंतीवर लावा म्हणून मी लोकांना आजही सांगतो.

सार्वजनिक बांधकामाचं म्हणाल तर गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातले. शेणगावचे. पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी खोपटं नाही बांधलं. गरीब माणूस परगावी गेल्यावर कुठं टेकतो, कुठं शिजवतो, याचा विचार करून त्या बांधल्या. निवारा बांधणाऱ्यांनी तेवढं तरी पाहावं.

अकोटचा पोट्टा

टाइल्स खांबाले लावायची आयडिया काकाले सांगितली, ते हसले पण नाही म्हटले नाही. एक विचारतो, एवढ्या लहान घरात दोन सपऱ्या टाकल्या तर खोल्या किती राहतील? आणि पोरगं मोठं झालं, लग्न झालं तर?

आरमोरीकर

चांगला प्रश्न. इंदूरला अरण्य नावाची वस्ती आहे, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली, १९८० च्या दशकातली, तिला पुढं वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तिथं गरीब कुटुंबाला पूर्ण घर नाही दिलं. जोतं, संडास-न्हाणी, पाणी, कुठं एखादी खोली, आणि बाकी जागा मोकळी. लोकांनी पैसा आला तसं घर वाढवलं, प्रत्येकाचं वेगळं झालं, जिने, ओटे, बाल्कन्या. दोशींनी वाढायची वाट आधीच आखून ठेवली होती. आपल्याकडं घरकुल पूर्ण झालं असं कागदावर लिहितात आणि तिथंच विषय संपवतात, घर तर तेव्हा सुरू होते.

म्हणून सपरी म्हणजे उद्याची खोली पण आहे. आज तीन बाजूनं उघडी, पोराचं लग्न ठरलं की दोन बाजू भरा, खांब आणि पायवा तयारच आहे. मात्र तेव्हा दुसऱ्या बाजूला सावलीची सोय केल्याशिवाय भरू नका.

माप सांगतो. १० बाय १२ च्या दोन खोल्या, मागं ६ फूट रुंद सपरी घराच्या लांबीएवढी, तिच्या एका टोकाला न्हाणी. समोर सध्या ४ फुटाचा ओटा आणि झाड. सपरी ६ फुटापेक्षा कमी करू नका, खाट टाकल्यावर माणूस बाजूनं गेला पायजे. सपरीचं छप्पर बाहेरच्या बाजूला साडेसहा फुटापर्यंत खाली आणा, उंच ठेवलं तर तिरपं ऊन सरळ आत येते. स्लॅबला उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या चुन्याचा हात, तो दरवर्षी मारावा लागते पण घरच्या घरी होते.

मिस्तरी दारव्हा

माप बराबर हाय. पन एक बदल कर. न्हानी अन् जिना दोन्ही पश्चिमेच्या भिंतीले लाव. दुपारचं ऊन त्याईच्या अंगावर पडन, खोलीच्या नाही, अन् पावसाची झडबी तिकडूनच येते ते अडन. राखेच्या विटेचा ट्रक आमच्याइकडं कितीले पडन ते मी उद्या पुसतो. एका घरकुलाचा पायवा आता खोदाचाच हाय, मालकीणबाई समजदार हाय, कुंदाताईनं लिवलं ते तिले वाचून दाखवतो. ती हो म्हनली तं कागदावर नकाशा काढून पाठव, पन हातानं काढ, फुटात, मोबाईलवर मोठा करून दिसला पायजे. मीटरमंधी नको.

कुंदा सेलूकर

मिस्तरीभाऊ, तिला चुलीची उंची पण विचारा. खाली बसून करते की उभ्यानं, त्यावर सपरीतला कट्टा ठरतो. आणि धुराचं तोंड वारा जिकडं जातो त्या बाजूला.